पिकअप डिझेल घ्यायची की पेट्रोल-सीएनजी? आधी इंजिन रोज किती वेळ गरम राहतं ते मोजा

दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. गाव नारायणगावपासून आठ किलोमीटर, घरचा तीन एकर टोमॅटो, सीझनचे चार-पाच महिने रोज मार्केटला एक खेप, कधी दोन, एका खेपेला ३० ते ३५ कॅरेट, म्हणजे प्लास्टिकचे क्रेट. वर्षातून आठ-दहा वेळा वाशीला जायचं, बाकी वर्षभर खत, चारा, घरचं सामान. शोरूमवाला म्हणतो तुमच्याकडं घाट आहे, डिझेलच घ्या. पोरगा म्हणतो पप्पा डिझेलचे दिवस गेले, पेट्रोल नाहीतर सीएनजी घ्या. आता ऐकायचं कोणाचं.

मी २६ वर्षं गॅरेज लाईनमध्ये आहे, त्यातली पहिली नऊ वर्षं नुसती पंप-नोझलच्या बेंचवर गेली, डिझेलवर माझं घर उभं राहिलंय आणि डिझेल इंजिनावर माझा जीव आहे. तरी सांगतो, तुम्ही लिहिलाय तेवढाच वापर असेल तर डिझेल घेऊ नका. का ते जरा सविस्तर सांगतो, कारण उद्या तुमचा शेजारी हेच वाचून गाडी बुक करील आणि त्याचा वापर वेगळा असेल तर त्याला माझं हेच उत्तर महागात पडेल.

आपल्याकडं "मालाची गाडी म्हणजे डिझेल" हे जे डोक्यात बसलंय ते चुकीचं नव्हतं, त्या काळात बरोबरच होतं. २०१२ च्या आसपास आठवा, पेट्रोल आणि डिझेलमध्ये लिटरमागं पंचवीस-तीस रुपयांचा फरक पडायचा, सरकार डिझेलचा भाव धरून ठेवायचं. २००५ ला टाटा एस आली, आपला छोटा हत्ती, ७०२ सीसीचं दोन सिलेंडरचं डिझेल इंजिन, इलेक्ट्रॉनिक काही नाही, गावातला कुठलाही मिस्त्री झाडाखाली खोलून बसवायचा. अशी गाडी, असा भाव, मग पेट्रोल कोण घेणार? पण ऑक्टोबर २०१४ ला डिझेलचा भाव मोकळा केला आणि फरक घटत गेला, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराचा नवीन कडक नियम आला. त्या दिवसापासून नवीन डिझेल गाडी ही वेगळीच वस्तू झालीय, आपण मात्र अजून जुन्या हिशोबानं घेतोय.

बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सर लाईनमध्ये डीपीएफ असतो. सोप्या भाषेत काजळीची गाळणी. पूर्वी जो काळा धूर मागच्या गाडीवाल्याच्या तोंडावर जायचा तो आता या गाळणीत अडकतो. गाळणी भरली की ती जाळून साफ करावी लागते, त्याला रीजन म्हणतात, आणि काजळी जळायला साधारण साडेपाचशे-सहाशे डिग्री गरमी लागते. लांब पल्ल्याला लोड घेऊन सलग तासभर गाडी चालली की हे आपोआप होऊन जातं, ड्रायव्हरला कळतही नाही. पण आठ किलोमीटर जायचं, मार्केटच्या बाहेर लाईनमध्ये पाऊण तास इंजिन चालू ठेवून एकेक गाडी पुढं सरकायचं, माल खाली करायचा आणि आठ किलोमीटर परत यायचं, यात सायलेन्सर धड तापतच नाही. गाडी जागेवर आयडलला उभी असली की काजळी भरत राहते आणि जळत काहीच नाही. मग कॉम्प्युटर स्वतःच रीजन सुरू करतो, म्हणजे सिलेंडरमध्ये उशिरानं जादा डिझेल मारून पुढची गरमी वाढवतो, आणि तेवढ्यात तुम्ही घरी पोचलेले असता, चावी बंद. उद्या परत तेच. ते जादा मारलेलं डिझेल सगळं जळत नाही, थोडं सिलेंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं.

हे मी स्वतःच्या गाडीवर भोगलंय. २०२१ ला गॅरेजच्या कामाला नवीन डिझेल गाडी घेतली, कंपनीचं नाव घेत नाही कारण दोष कंपनीचा नव्हताच, वापर चुकीचा होता. दिवसातून चार वेळा सहा-सात किलोमीटरवर स्पेअर पार्ट आणायला जायची, बस एवढंच. चौदा महिन्यात डॅशबोर्डवर डीपीएफची लाईट, मग गाडीची ओढ गेली, शेवटी गाडी चाळीसच्या वर जाईना. स्कॅनर लावला तर काजळीचा आकडा पूर्ण भरलेला. जबरदस्तीचा रीजन दिला, दोन महिन्यांनी परत तेच. आणि त्याच्याही आधी एक गोष्ट दिसत होती, ती मी बघूनही मनावर घेतली नव्हती. ऑइलची पट्टी काढली की लेव्हल वरच्या खुणेच्याही वर. तुम्हीपण हे लक्षात ठेवा, बीएस-६ डिझेलचं ऑइल जर कमी व्हायच्या जागी वाढताना दिसलं तर खूश होऊ नका, पट्टी नाकाजवळ धरा, डिझेलचा वास येतो का बघा आणि बोटात चोळून बघा. चांगलं ऑइल बोटाला चिकटून तार धरतं, हे पाण्यासारखं सुटतं. असल्या ऑइलवर टर्बोचं बेअरिंग आणि क्रॅंकचे शेल फार दिवस निघत नाहीत. गेल्याच महिन्यात एक गवळी आला होता, म्हणाला माझी गाडी ऑइल अजिबात खात नाही उलट वाढतंय, आनंदानं सांगत होता बिचारा. मी आधी ऑइल बदललं, मग त्याला समजावलं.

काही जण सांगतील डीपीएफ कापून टाका, मॅप मारून, म्हणजे कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलून, लाईट बंद करा, झंझट संपली. मी करत नाही आणि करूही नका. बेकायदेशीर आहे, वॉरंटी जाते, आणि तो धूर शेवटी आपल्याच मार्केटमध्ये उभ्या असलेल्या हमालांच्या छातीत जातो.

आता पैशाचा हिशोब. आकडे मी गोल केलेत, तुम्ही तुमच्या पंपावरचा भाव टाकून परत करा. पाऊण टनाच्या छोट्या गाडीचं धरू. पेट्रोल १०४ रुपये, माल भरून अॅव्हरेज १५, म्हणजे किलोमीटरला सात रुपयाला थोडं कमी. डिझेल ९० रुपये, अॅव्हरेज २०, म्हणजे साडेचार. किलोमीटरमागं डिझेलमध्ये अडीच रुपयाच्या आतबाहेर वाचतात. गाडीच्या किमतीत डिझेलला समजा सव्वा लाख जास्त गेले. म्हणजे ५० हजार किलोमीटरच्या पुढं गेल्यावर कुठं ते सव्वा लाख वसूल होणार, आणि त्यात हप्त्यावरचं व्याज मी धरलंच नाही. तुमचं रोजचं ३० किलोमीटर सरासरी धरलं आणि वर्षाचे ३०० दिवस, तर वर्षाला ९ हजार किलोमीटर, म्हणजे वसुलीला साडेपाच-सहा वर्षं. तेच कोणी रोज १२० किलोमीटर भाडं मारत असेल तर वर्षाला ३६ हजार, त्याचे पैसे दीड वर्षाच्या आत सुटतात आणि पुढं सगळा फायदा. त्या माणसानं डोळे झाकून डिझेल घ्यावी, त्याची गाळणीपण रोज आपोआप साफ होत राहील. बघा, जास्त किलोमीटरवाल्याला डिझेल पैशानंही परवडतं आणि तब्येतीनंही, कमी किलोमीटरवाल्याला दोन्हीकडून मार बसतो.

लोडचं काय, हे तुमचा शोरूमवाला बोलला त्यात तथ्य आहे. डिझेल खालून, म्हणजे कमी आरपीएमलाच ओढतं. मोठ्या बोलेरो पिकअपच्या अडीच लिटर डिझेलला १९५-२०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर मिळतो आणि तो १४०० आरपीएमपासूनच. मारुती सुपर कॅरीच्या १.२ लिटर पेट्रोलला १०४, आणि तोही २९०० ला. कागदावर हा नुसता आकडा वाटतो, शेतात कळतो. जुलैमध्ये काळ्या रानातून गाडी भरून बाहेर काढायचीय, चाक अर्धं चिखलात, अशावेळी डिझेलवाला पहिला टाकून क्लच सोडतो आणि गाडी हळूहळू निघते. पेट्रोलवाल्याला तीन हजारला रेस करून हाफ क्लचवर खेळवावी लागते. असं आठवडाभर केलं की क्लचप्लेट माझ्या टेबलावर येते, काळीनिळी पडलेली, घासून काचेसारखी चकचकीत, रिव्हेट वर आलेले, आणि तो जळका वास दुकानभर. पेट्रोल घेतली तर पोराला एक सवय लावा, गाडी रानात खोल न्यायची नाही, डांबराच्या कडेला किंवा मुरमावर उभी करायची, कॅरेट तिथपर्यंत ट्रॅक्टरनं किंवा डोक्यावर आणायचे. तेवढ्यानं क्लच दुप्पट टिकतो.

आणि लोड किती ते खरं सांगा, स्वतःशी तरी. एक कॅरेट मालासकट बावीसेक किलो धरा. पाऊण टन पासिंगची, म्हणजे कायद्यानं तेवढाच माल भरता येणारी गाडी म्हणजे ३४ कॅरेट. १.७ टनवाली म्हणजे ७७. मार्केटच्या गेटवर उभं राहून बघा, १.७ वाल्यात सव्वाशे कॅरेट दिसतात. मोठं डिझेल इंजिन ते ओढून नेतं, पाटे बसतात, टायर फुटतात, ब्रेक पोचत नाहीत पण इंजिन नेतं, म्हणून लोकांना वाटतं डिझेल दणकट. छोट्या पेट्रोलला ५० कॅरेट भरून चढाला घातली तर ती आधी तापेल मग हेड गॅस्केट उडवेल. तुमचे खरंच ३० ते ३५ असतील आणि तेवढेच राहणार असतील तरच माझं उत्तर लागू. शेजाऱ्याचापण माल घेऊन जाऊ, भाडं सुटेल, असा विचार मनात असेल तर आत्ताच सांगा, मग गोष्ट बदलते. दीड-पावणेदोन टनात तर निव्वळ पेट्रोल गाडी बाजारात जवळपास नाहीच, तिथं डिझेल नाहीतर सीएनजी एवढंच राहतं.

घाटाबद्दल. शोरूमवाला म्हणाला घाट आहे म्हणून डिझेल, पण त्यानं तुमचा माल कुठल्या दिशेला जातो ते विचारलंच नाही. तुम्ही आळेफाट्यावरून माळशेज, मुरबाड, कल्याण करत वाशीला जाणार. म्हणजे भरलेली गाडी घाट उतरते आणि चढते ती रिकामी! लासलगावचा कांदा कसाऱ्यानं मुंबईला जातो तोपण असाच, भरून खाली, मोकळा वर. उलट रत्नागिरीचा हापूस कोल्हापूरला आंबा घाटातून चढवणाऱ्याला भरल्या गाडीनं घाट चढायचाय, त्याला मी पेट्रोल कधीच सांगणार नाही. तुम्हाला ओढायची ताकद कमी लागणार आहे, धरून ठेवायची जास्त. लोक म्हणतात डिझेल उतारावर चांगली धरते. मोठं इंजिन आणि खालचा गिअर असला तर धरते, ते खरंय. पण त्याच साइझचं पेट्रोल इंजिन उलट जास्त धरतं, कारण पाय काढला की पेट्रोलची हवा थ्रॉटलला अडते आणि पिस्टनला ओढून धरते, डिझेलमध्ये हवा मोकळी आत येते. म्हणून उताराच्या भीतीनं डिझेल घ्यायची गरज नाही, गिअर पाळायचा. ज्या गिअरमध्ये भरली गाडी घाट चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवायची.

आणि न्यूट्रल मारून उतरणं आजपासून बंद. "डिझेल वाचतं" म्हणून आपल्याकडं जुने ड्रायव्हर हे करतात. आताच्या गाडीत, पेट्रोल असो डिझेल असो, गिअरमध्ये ठेवून पाय काढला की कॉम्प्युटर इंधन पूर्ण तोडतो, चाकंच इंजिन फिरवतात, एक थेंब जळत नाही. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन जातंच. म्हणजे न्यूट्रलवाला जास्त जाळतो आणि सगळा भार ब्रेकवर. काही जण तर चावीच बंद करतात, मग बूस्टरचा व्हॅक्यूम संपला की ब्रेक दगडासारखा होतो. पावसाळ्यात माळशेजच्या धुक्यात ३५ कॅरेट पाठीवर घेऊन असला प्रयोग करू नका, हात जोडून सांगतो.

आता पोरगा म्हणतो ते सीएनजी. खर्चाला हलकं, किलोमीटरला डिझेलच्या आसपास पडतं आणि गाळणीची कटकट नाही. पण तीन गोष्टी बघा. पहिली म्हणजे टाकीचं वजन तुमच्या मालातून जातं. सुपर कॅरीचंच घ्या, पेट्रोलला ७४० किलो पासिंग आणि सीएनजीला ६२५, म्हणजे सरळ पाच कॅरेट कमी, तुमच्या ३० कॅरेटलासुद्धा ती अपुरी पडेल. दुसरी लाईन. हायवेला पंप आहेत पण सकाळी तिथं रिक्षा, टेम्पो, कार सगळे उभे असतात, आणि तुमचा माल तोडून ठेवलेला असतो, टोमॅटो लाईन बघत नाही. रात्री भरून ठेवायची सवय लावली तर हे सुटतं. सोबत पेट्रोलची छोटी पाच लिटरची टाकी असते ती रिझर्व्हला आहे हे विसरू नका, त्यावर वाशी गाठायचा विचार करू नका. तिसरी, सीएनजीवर ओढ अजून थोडी कमी होते, प्लग लवकर बदलावे लागतात, टॅपेट बघावे लागतात, आणि दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट करावीच लागते, ती चुकवू नका, २०० बारचं प्रेशर तुमच्या पाठीमागं बसलेलं असतं.

पेट्रोलची एक बारीक गोष्ट. आता पंपावर ई२० येतं, २० टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये ताकद पेट्रोलपेक्षा कमी म्हणून अॅव्हरेज थोडं उतरतं, वरचा हिशोब मी ते धरूनच १५ केलाय. इथेनॉल हवेतलं पाणीपण ओढतं. सीझन संपल्यावर गाडी दोन-दोन महिने गोठ्याशेजारी उभी राहणार असेल तर आठवड्यातून एकदा तरी दहा-पंधरा किलोमीटर फिरवा. आणि नवीनच घेताय तर प्रश्न नाही, पण जुनी बघणार असाल तर एप्रिल २०२३ नंतरची ई२० ला चालणारी बघा.

एवढं ऐकूनही डिझेलच घ्यायची ठरली, तर एक वचन द्या. ट्रॅक्टरसाठी घरी ड्रम असतो ना, त्यातलं डिझेल पिकअपमध्ये ओतायचं नाही. मी आजवर जेवढे इंजेक्टर मेलेले बघितले त्यातले कितीतरी या ड्रमनं मेलेत. उघडा ड्रम, बादली, प्लास्टिकचं नरसाळं, वर फडकं. ट्रॅक्टरचा जुना पंप ते पचवतो. नवीन डिझेलच्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरला डिझेल पुरवणाऱ्या नळीत, १६०० बारच्या घरात प्रेशर असतं आणि आतले पार्ट केसापेक्षा बारीक फटीवर चालतात, त्यात रात्रीच्या गारव्यानं ड्रममध्ये साचलेलं पाणी गेलं की नोझलचं टोक गंजून खाल्लं जातं. एक इंजेक्टर दहा-पंधरा हजाराच्या पुढं आणि मोठ्या गाडीत ते चार. फिल्टरच्या खालचं पाणी महिन्यातून एकदा सोडा, ऑइल कंपनीनं सांगितलेलं लो-अॅशच, म्हणजे कमी राख सोडणारंच घाला, आणि डीपीएफची लाईट लागली की दुसऱ्याच दिवशी हायवेवर काढून वीस-पंचवीस मिनिटं दोन-अडीच हजार आरपीएमला सलग चालवा, मध्ये बंद करू नका. काही मॉडेलला युरिया लागतो, काहीला नाही, ते बुकिंगच्या आधी विचारून घ्या.

पोरानं अमेरिकेचे व्हिडिओ दाखवले असतील, तिकडं पिकअप सगळ्या पेट्रोलवरच चालतात म्हणून. सगळ्या नाही पण बहुतेक चालतात, मात्र तिथं डिझेल बहुतेकदा पेट्रोलपेक्षा महाग असतं आणि त्यांचं पेट्रोल इंजिन साडेतीन-पाच लिटरचं, आपलं १.२ चं. तो हिशोब आपल्याला लागू करू नका.

तर तुमच्यासाठी पाऊण टनाची पेट्रोल. वाशीच्या आठ-दहा खेपा राहिल्या. दीडशे किलोमीटर जाऊन दीडशे यायचं, म्हणजे एका फेरीला इंधनात डिझेलपेक्षा साडेसातशे रुपये जास्त, दहा फेऱ्यांना साडेसात हजार. तेवढ्यासाठी सव्वा लाख जास्त देऊ नका. ज्या दिवशी माल ७० कॅरेट निघाला त्या दिवशी गावातल्या मोठ्या पिकअपवाल्याला भाडं द्या, त्याचंपण घर चालू दे. आणि पुढच्या वर्षी लागवड सहा एकर करणार असाल किंवा पोराला गाडी भाड्यानं पळवायची असेल तर मात्र आत्ताच १.७ ची डिझेल बघा, छोटी घेऊन वर्षात विकण्यात नुकसान आहे.

ट्रायल रिकाम्या गाडीची घेऊ नका. शोरूमवाल्याला सांगा गाडी माझ्या बांधावर आणा, ३० कॅरेट मालाच्या वजनाएवढी खडी-माती भरून का होईना ठेवा, आणि तुमच्या रानातून रस्त्याला लागायचा जो चढ आहे तिथं मधेच थांबवून, हँडब्रेक ओढून, परत उचलून दाखवा म्हणावं. तीन वेळा करा. तिसऱ्या वेळी क्लचचा वास आला तर त्या गाडीचं नाव काढून टाका आणि दुसरी बघा. गाडी आणायला नकार दिला तर आळेफाटा, मंचर, चाकण, शोरूमला तोटा नाही.